पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि विवादी स्वर

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तयारीचे दिवस होते. गायनाच्या तासाला आम्ही मुलांकडून बिहाग रागांत बसविलेलें एक गीत घोटवून घेत होतों. गाणाऱ्या मुलांत कुंभारीहून अक्कलकोट रस्त्यानें रोज शाळेस येणारा एक विद्यार्थी होता. त्याचा आवाज खडा आणि गोड. त्याचे आजोबा गांवच्या भजनांत पेटी वाजवीत, आणि त्यांच्या मांडीशीं बसून ऐकलेलें पुष्कळसें गाणें त्याच्या गळ्यांत उतरलेलें होतें. गीताच्या दुसऱ्या चरणांत पंचमावरून गांधारावर उतरतांना त्यानें मध्यें एक निराळाच स्वर लावला. आम्ही शिकविलेल्या सुरावटींत तो स्वर नव्हता. आम्ही पेटी थांबविली, सर्व मुलांदेखत त्यास बेसूर ठरविलें, आणि शिकविलें तेवढेंच म्हणावें अशी ताकीद दिली. मुलें हंसलीं. तो खालीं मान घालून बसला, आणि त्या दिवशीं त्याच्या तोंडून पुन्हां स्वर निघाला नाहीं.

रात्रीं घरीं आल्यावर मनास स्वस्थता वाटेना. म्हणून पंडित भातखंडे यांच्या ग्रंथांतील बिहागाचें प्रकरण उघडून पाहिलें, तों मुलानें लावलेला स्वर तेथें हजर! तो तीव्र मध्यम होता. बिहागाच्या नेहमींच्या स्वरांत त्याची गणना नाहीं; तो त्या रागाचा विवादी स्वर. पण योग्य जागीं, योग्य बेतानें तो लावला असतां रागाची शोभा वाढते असें पंडितजींनीं पूर्वींच नोंदून ठेविलें आहे. मुलानें तो नेमका त्याच जागीं लावला होता. म्हणजे चूक मुलाची नव्हती, शिक्षकाची होती. त्या चुकीचें थोडेंसें परिमार्जन व्हावें, आणि आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना एका थोर पुरुषाची ओळख घडावी, या दुहेरी हेतूनें हें चरित्र आम्ही सादर करीत आहों.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं विवादी म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. आपल्या शाळेंतील पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरा आणि त्याच्यासह पांढरी पांच दाबा. षड्ज व पंचम असे एकरूप होऊन वाजतात कीं, कानास जणूं एकच भरदार नाद ऐकूं येतो. आतां पंचम सोडून काळी एक, म्हणजे कोमल ऋषभ, षड्जाबरोबर दाबा. लागलीच नादांत एक खरखर, एक थरथर उत्पन्न होते. याचें कारण गणितांत आहे. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर पंचमाचीं ३६० होतात. त्यांचें प्रमाण दोनास तीन असें सोपें पडतें. शुद्ध मध्यमाचीं ३२०, म्हणजे तीनास चार. पण कोमल ऋषभाचीं २५६ होतात. हें प्रमाण पंधरास सोळा. आणि दोन नाद एकत्र वाजतांना त्यांच्या आंदोलनांतील फरकाइतके, म्हणजे सेकंदास १६, ठोके कानावर आदळतात. तीच ती खरखर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं १८६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या गोष्टीचा शास्त्रीय उलगडा केला. षड्ज व तीव्र मध्यम ही जोडीही अशीच अवघड. पेटीवरील बारा पायऱ्यांच्या सप्तकांत तीव्र मध्यम बरोबर सहाव्या पायरीवर, म्हणजे ऐन मध्यावर, उभा असतो. त्याचें षड्जाशीं प्रमाण बत्तिसास पंचेचाळीस असें गुंतागुंतीचें पडतें.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कानानें ठाऊक होती. भरताच्या नाट्यशास्त्रांत स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी व विवादी असे चार प्रकार सांगितले आहेत. सप्तकाच्या बावीस श्रुति मानून, ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचें अंतर ते परस्परांचे संवादी, आणि ज्यांत दोनच श्रुतींचें अंतर ते विवादी, असा त्या काळचा हिशेब होता. पुढें रागसंगीत वाढत गेलें तसा या शब्दांचा अर्थही पालटला. वादी हा रागाचा राजा, संवादी त्याचा प्रधान, अनुवादी हे सेवक, आणि विवादी म्हणजे शत्रु, अशी उपमा गवयांच्या व शास्त्र्यांच्या तोंडीं बसली. जो स्वर रागांत वर्ज्य, ज्याच्या योगें रागाचें रूप बिघडतें, तो विवादी होय. शत्रूस राज्यांत थारा देऊं नये हें उघडच आहे. मग थोर थोर गवई त्याच शत्रूस कधीं कधीं दरबारांत मानाचें आसन कां देत असत? या प्रश्नाचें सरळ उत्तर शोधणाऱ्या पुरुषाचें नांव विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथें ता. १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळाष्टमीच्या दिवशीं झाला. घरची स्थिति साधारण मध्यम प्रतीची. लहानपणापासून गळा गोड आणि कान तिखट. बांसरीचा व गाण्याचा नाद होता. विद्यार्थिदशेंत त्यांनीं वल्लभदास दामुलजी यांच्यापाशीं सतारीचे धडे घेतले. घरंदाज कुटुंबांतील मुलानें गाण्यावजावण्याच्या मागें लागावें हें त्या काळीं लोकांना रुचत नसे. पण विष्णुपंतांनीं अभ्यास व सतार या दोहोंचा मेळ घातला. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १८८५ सालीं ते बी. ए. झाले आणि १८८७ सालीं त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली. कांहीं काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनीं वकिली केली.

याच सुमारास मुंबईंत गायन उत्तेजक मंडळी नांवाची एक संस्था होती. कैखुशरू काबराजी या पारशी गृहस्थाच्या पुढाकारानें १८७० सालीं ती स्थापन झाली होती. भातखंडे १८८४ सालीं तिचे सभासद झाले. तेथें रावजीबुवा बेलबागकर यांच्यापाशीं त्यांनीं ध्रुपदें शिकून घेतलीं, आणि मोठमोठ्या गवयांचें गाणें ऐकण्याची संधि त्यांस मिळाली. दिवसा न्यायालय आणि सायंकाळीं गाणें असा क्रम चालला. वकिलास साक्षीपुरावा तपासण्याची जी संवय असते ती त्यांनीं संगीतांतही आणिली. एकच राग दोन गवयांनीं निरनिराळा गाइला, तर कोणाचें बरोबर? शास्त्रग्रंथ एक सांगतो आणि उस्ताद दुसरेंच गातो, तर प्रमाण कोणतें मानावें? असे प्रश्न त्यांच्या टिपणवहींत जमूं लागले.

इतक्यांत त्यांच्या संसारावर आघात झाला. १९०० सालीं पत्नी वारली, आणि १९०३ सालीं एकुलती एक मुलगीही गेली. चाळीशी नुकतीच ओलांडलेल्या या गृहस्थाचें घर रिकामें झालें. पुन्हां संसार मांडणें किंवा वकिलींत पैसा मिळविणें हे दोन्ही मार्ग त्यांस मोकळे होते. त्यांनीं ते दोन्ही सोडले व राहिलेलें सर्व आयुष्य संगीतास वाहिलें. शोक कोणाच्याही वाट्यास येतो. तो आला असतां मनुष्य कोणत्या कामास हात घालतो यावरून त्याची पारख होते.

१९०४ सालीं ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा अशा ठिकाणीं त्यांनीं पंडित व गवई गांठले. एट्टयापुरम् येथें सुब्बराम दीक्षित या वृद्ध विद्वानांची भेट झाली. व्यंकटमखी यांनीं सतराव्या शतकांत रचिलेल्या ग्रंथांतील बहात्तर मेलांची व्यवस्था या प्रवासांत त्यांच्या हातीं लागली. दक्षिणेंत शेंकडों राग नियमानें बसविले जातात, मग उत्तरेकडील रागांचीच अशी गर्दी व गोंधळ कां, हा विचार तेथून त्यांच्या मनांत पक्का झाला. १९०७ सालीं नागपूर, हैदराबाद, विजयनगरम् व कलकत्ता, आणि १९०८ सालीं अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर व बिकानेर असे लांब लांबचे प्रवास त्यांनीं केले. प्रत्येक ठिकाणीं विचारावयाचे प्रश्न आधींच लिहून काढीत, उत्तरें टिपून घेत, जुन्या पोथ्यांच्या नकला करवून आणीत. हें सर्व स्वतःच्या खर्चानें.

या प्रवासांत त्यांस एक विलक्षण गोष्ट वारंवार आढळली. संस्कृत ग्रंथांचे अभिमानी पंडित रागाचे नियम सांगत, पण त्यांना राग गातां येत नसे. उस्ताद राग उत्तम गात, पण त्यांना नियम सांगतां येत नसे. एखादा नामांकित गवई केदार गातांना कोमल निषाद लावी. वास्तविक केदाराचा निषाद शुद्ध. ग्रंथाच्या दृष्टीनें ती चूक. पण ऐकणाऱ्यांच्या माना त्याच जागीं डोलत. अशा वेळीं सोपे मार्ग दोन असतात. ग्रंथ हातीं धरून गवयास अडाणी म्हणावें, हा एक. आणि गवयाच्या नांवानें कानास हात लावून ग्रंथ फेंकून द्यावा, हा दुसरा. आम्ही त्या दिवशीं पहिला मार्ग धरिला होता हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

भातखंड्यांनीं तिसरा मार्ग धरिला. तो कष्टाचा आहे. चांगले म्हणून मान्य झालेले अनेक गवई तोच स्वर त्याच जागीं लावतात काय, हें त्यांनीं पुनःपुन्हां ऐकून ताडून पाहिलें. आणि मग ती चाल नियमाच्या भाषेंत मांडली. विवादी स्वर हा रागाचा शत्रु खरा, परंतु कुशल गायक रंजनासाठीं त्याचा अल्प प्रयोग करूं शकतो. मात्र तो केवळ स्पर्शापुरता असावा, त्यावर मुक्काम करूं नये, आणि रागाच्या मूळ स्वरूपास धक्का लागूं नये. केदारांतील कोमल निषाद अवरोहांत दोन धैवतांच्या मध्यें येतो: धैवत, कोमल निषाद, पुन्हां धैवत, आणि मग पंचमावर विसांवा. हमीर व कामोद यांतही त्याची अशीच चोरटी भेट होते. बिहागांत तीव्र मध्यम येतो तो पंचमाच्या हातास धरून: पंचम, तीव्र मध्यम, गांधार, आणि लागलीच शुद्ध मध्यम व गांधार. म्हणजे परका स्वर आला, क्षणभर मन चमकलें, आणि घरचा स्वर येतांच तें निवालें. त्या चमकण्यामुळें घरच्या स्वराची गोडी अधिक कळते. कुंभारीच्या मुलानें हेंच केलें होतें. त्यास नियम ठाऊक नव्हता, पण आजोबांच्या पेटीवरून प्रयोग ठाऊक होता.

आणखी एक मौज आहे. पंडितजींनीं बिहागास बिलावल थाटांत बसविलें, कारण त्या थाटाचे सर्व स्वर शुद्ध आहेत आणि तीव्र मध्यम हा बिहागांत पाहुणा होता. पण पुढील पिढ्यांच्या गायकांना हा पाहुणा इतका आवडला कीं, आज तो बिहागांत घरच्या मनुष्याप्रमाणें वावरतो. कांहीं अभ्यासक तर बिहाग आतां कल्याण थाटांत धरावा असें म्हणूं लागले आहेत. विवादी आणि अनुवादी यांतील रेषा दगडावर कोरलेली नसते, काळाप्रमाणें ती सरकते, हें यावरून दिसतें.

पाश्चात्य संगीतांतही अशीच हकीकत घडली आहे. तेथें अनेक स्वर एकाच वेळीं वाजवितात, त्यामुळें विसंवादाचा प्रश्न अधिकच तीव्र. षड्ज व तीव्र मध्यम यांमध्यें जें अंतर आहे, तितकें अंतर असलेली जोडी मध्ययुगांतील चर्चच्या संगीतांत शक्य तों टाळीत, आणि पुढील काळांत तिला संगीतांतील सैतान असें टोपणनांवही मिळालें. पण याच सैतानास नंतरच्या संगीतकारांनीं कामास लाविलें. शुद्ध मध्यम आणि शुद्ध निषाद यांचें अंतर तेवढेंच आहे. पेटीवर पंचम, निषाद, वरचा ऋषभ आणि वरचा मध्यम असे चार स्वर एकदम दाबा. कानास कांहीं तरी अपुरें राहिल्यासारखें वाटेल. आतां निषाद एक पायरी चढून षड्जावर जाऊं द्या आणि मध्यम एक पायरी उतरून गांधारावर येऊं द्या. लागलीच सर्व शांत होतें. प्रार्थनेच्या वेळीं आपण जीं गीतें चार सुरांत म्हणतों, त्यांतील पुष्कळांच्या अखेरच्या ओळी याच युक्तीनें विसांव्यास येतात. विसंवादास कोठें जावयाचें आहे हें ठाऊक असलें म्हणजे त्याचें भय उरत नाहीं. आपल्या रागसंगीताचा व त्यांच्या स्वरमेळाचा मार्ग वेगळा. पण शहाणपण दोहोंकडे एकच.

आतां पुन्हां चरित्राकडे वळूं. नियम मांडावयाचे तर चिजांचा मोठा सांठा हवा, आणि तो उस्तादांच्या घराण्यांत कुलूपबंद होता. वडिलोपार्जित चीज परक्यास शिकविणें म्हणजे घरची ठेव वाटून टाकणें, अशी पुष्कळ गवयांची समजूत होती, आणि ज्यांचें पोट त्या विद्येवर चाले त्यांस त्याबद्दल सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. भातखंडे शिष्य होऊन त्यांच्या दारीं गेले. जयपूरचे महंमद अली खान व त्यांचे पुत्र आशिक अली यांजकडून त्यांनीं शेंकडों ख्याल मिळविले. रामपूरचे नबाब हमीद अली खान व त्यांच्या दरबारचे बीनकार वजीर खान यांजपासूनही त्यांनीं विद्या घेतली. वजीर खानांचें घराणें तानसेनाशीं नातें सांगणारें होतें.

मिळालेली विद्या त्यांनीं आपल्यापाशीं कोंडून ठेविली नाहीं. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्यांनीं सुमारें अठराशे चिजा स्वरलिपीसह छापून दिल्या. ही स्वरलिपि इतकी सोपी कीं, लहान मुलासही ती एका आठवड्यांत वाचतां यावी. कोमल स्वराच्या खालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खालीं टिंब व तार सप्तकास वर टिंब. आपल्या गायनाच्या वह्यांतील खुणा त्यांच्याच आहेत. शास्त्रविचारासाठीं त्यांनीं संस्कृतांत श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा ग्रंथ चतुर पंडित या टोपणनांवानें लिहिला. १९१० पासून १९३२ पर्यंत हिंदुस्थानी संगीत पद्धति हा चार भागांचा मोठा ग्रंथ आपल्या मराठी भाषेंत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें, लिहिला. त्यावर नांव घातलें विष्णु शर्मा. मौज अशी कीं, हा विष्णु शर्मा आपल्या म्हणण्यास त्या चतुर पंडिताचा आधार घेतो. वाचकांनीं लेखकाचें नांव न पाहतां विचार तपासावा, अशी त्यांची इच्छा असावी असें आम्हांस वाटतें.

रागांच्या गर्दींतून वाट काढण्यासाठीं त्यांनीं बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी असे दहा थाट ठरविले. रागाच्या गानसमयाचा विचार करतांना त्यांनीं मध्यम स्वरास वाटाड्याचें काम दिलें. शुद्ध मध्यमाचें प्राबल्य बहुधा दिवसाकडे बोट दाखवितें, आणि तीव्र मध्यम सायंकाळ व रात्र सुचवितो. ज्या स्वराचें षड्जाशीं पटत नाहीं, तोच स्वर दिवस कलल्याची वर्दी देतो, ही कल्पना किती सुंदर आहे!

१९१६ सालच्या मार्च महिन्यांत बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचा भार मुख्यतः भातखंड्यांनीं वाहिला, आणि उत्तर हिंदुस्थानच्या संगीताच्या इतिहासावर इंग्रजींत एक निबंध वाचला. त्या काळीं श्रुतींचा वाद जोरांत होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी नोकरींतील इंग्रज गृहस्थ क्लेमंट्स यांनीं उस्ताद अब्दुल करीम खान यांच्या साहाय्यानें बावीस श्रुतींचीं मापें बसविलीं होतीं, व त्या वाजविणारी खास पेटीही तयार करविली होती. भातखंड्यांना ती व्यवस्था मान्य झाली नाहीं. शिकविण्याच्या व लिहिण्याच्या कामास बारा स्वरांचा पाया पुरे, सूक्ष्म भेद गळ्यानें गुरुमुखांतून घ्यावेत, असा त्यांचा पक्ष होता. दोन्ही पक्षांची तळमळ खरी होती. संगीतज्ञांच्या सभेंत विवादी स्वर असावयाचाच. पुढें दिल्ली, बनारस व लखनौ येथें परिषदा झाल्या.

परिषदांपेक्षां टिकाऊ काम शाळांचें झालें. १९१८ सालीं ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनीं त्यांच्या सल्ल्यानें माधव संगीत विद्यालय काढलें. १९२६ सालीं लखनौस राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्यानें एक संगीत महाविद्यालय निघालें. तत्कालीन गव्हर्नराच्या नांवावरून त्यास मॅरिस कॉलेज म्हणत. आज तेंच भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय होय. तेथील धुरा पंडितजींचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनीं अनेक वर्षें वाहिली. या शिष्यास त्यांनीं स्वतः शिकविलें, आणि गळा तयार व्हावा म्हणून बडोद्यास उस्ताद फैयाज खान यांच्या हवालीं केलें. शास्त्र आपलें, गाणें उस्तादांचें. दोन्ही मिळून एक शिष्य घडला.

थोर पुरुषाचे गुणच तेवढे सांगावेत आणि दोष झांकावेत हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. भातखंड्यांचा स्वभाव कांहींसा कडक होता. अशिक्षित उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयीं त्यांच्या लेखनांत कठोर शब्द आढळतात. ज्यांच्यापासून चिजा घेतल्या त्यांच्या परंपरेचें मोल त्यांनीं पुरतें ओळखलें नाहीं, असा आक्षेप अलीकडील अभ्यासक घेतात, आणि तो अगदींच अनाठायीं नाहीं. दहा थाटांत सर्व राग नीट बसत नाहींत, असेंही जाणते लोक सांगतात. पण एक गोष्ट विसरतां येत नाहीं. त्यांचें मत जेथें उस्तादाच्या गाण्याशीं जुळलें नाहीं, तेथें त्यांनीं तें गाणें पुसून टाकलें नाहीं. तें लिहून ठेविलें. म्हणून तर आज आपण त्यांच्याशींही मतभेद दाखवूं शकतों.

१९३३ च्या सुमारास त्यांस पक्षाघात झाला व ते अंथरुणास खिळले. तशा स्थितींतही पुस्तकांचीं मुद्रितें, शिष्यांचीं पत्रें आणि चिजांचे पाठभेद यांतच त्यांचें मन असे. ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, मुंबईस त्यांनीं देह ठेविला. क्रमिक पुस्तकमालिकेचे अखेरचे भाग त्यांच्या मागून प्रसिद्ध झाले. १९६१ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. गळ्यानें मैफल गाजविणारे गायक त्यांच्या काळीं पुष्कळ होते. भातखंडे तसे गायक नव्हते. दुसऱ्यांच्या गळ्यांतील धन पुढच्यांच्या हातीं पोंचविणारे ते प्रामाणिक कारकून होते, आणि हें काम कोणत्याही मैफलीहून लहान नव्हे.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? वाटेल तो स्वर वाटेल तेथें लावावा असा याचा अर्थ मुळींच नाहीं. विवादी स्वर लावण्याचा अधिकार ज्याचे वादी-संवादी पक्के आहेत त्यालाच. आधीं घरचे स्वर घोटावे. मग पाहुणा आला तरी घर हालत नाहीं. आणि आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं घ्यावयाचा धडा निराळा आहे. मुलाच्या तोंडून अनोळखी स्वर निघाला, तर तो चुकीचा असेल किंवा आमच्या ज्ञानापलीकडचा असेल. यांतील कोणता, हें तपासण्याचे कष्ट घेतल्यावांचून निकाल देऊं नये. सोलापुराच्या या भागांत मुलें मराठी, कानडी, तेलुगु अशा निरनिराळ्या घरांतून येतात. प्रत्येकाच्या कानांत वेगळें गाणें असतें. त्यांपैकीं कांहीं आमच्या पुस्तकांत नसेल, म्हणून तें बेसूर ठरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गायनाच्या तासाला आम्ही सर्व मुलांसमोर आमची चूक कबूल केली, फळ्यावर बिहागाचे स्वर लिहिले, आणि तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ काढून तो कोठून येतो व कोठें जातो हें समजावून सांगितलें. मग कुंभारीच्या त्या मुलास तो चरण म्हणावयास सांगितलें. तो उठला, पण कालची भीति गेलेली नव्हती. पंचमावरून उतरतांना तो अडखळला आणि शुद्ध मध्यमावरच आला. आम्ही पेटीवर तो स्वर हलकेच वाजवून दाखविला. तिसऱ्या खेपेस त्याचा गळा मोकळा झाला आणि स्वर नेमका जागेवर पडला. संमेलनांत तो चरण त्यानें एकट्यानें म्हटला. त्याचे आजोबा मागच्या रांगेंत बसले होते. त्या जागेवर त्यांनीं मान हलविली, ती आम्ही पाहिली.